दुसऱ्या फळीचा गोलंदाज

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत चेंडू टाकणारा पहिला गडी थकला अथवा निष्प्रभ झाला, म्हणजे त्याच्या जागीं दुसरा आणतात. सामन्याचा आरंभ या दुसऱ्याच्या नशिबीं नसतो; बिघडलेला डाव सांवरणें एवढेंच त्याच्या वांट्यास येतें. क्रिकेटमध्यें अशी नेमलेली जागा नाहीं. परंतु तें काम कोणास तरी करावेंच लागतें. शार्दूल ठाकूर हा त्या जातीचा गोलंदाज होय.

त्याचा जन्म १९९१ सालीं पालघर येथें झाला. मुंबईच्या मैदानावर खेळावयाचें, तर खेळाच्या सामानाची जड पिशवी खांद्यावर घेऊन आगगाडीच्या गर्दीत उभें राहणें प्राप्तच होतें. बोरीवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेंतील क्रिकेटचे शिक्षक दिनेश लाड यांनीं त्याचा खेळ पाहिला, त्यास आपल्या शाळेंत आणिलें आणि राहावयास आपलें घर दिलें. रोहित शर्मा हाही त्यांचाच विद्यार्थी. पुढें हॅरिस शील्डच्या एका सामन्यांत शार्दूलनें एकाच षटकांत सहा षट्कार मारिले.

ऑक्टोबर २०१८ मध्यें हैदराबाद येथें त्यास पहिला कसोटी सामना मिळाला. पण अवघे दहा चेंडू टाकून जायबंदी होऊन तो मैदानाबाहेर गेला. दुसरी संधि येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. जानेवारी २०२१ मध्यें मुख्य गोलंदाज जखमी झाले, म्हणून ब्रिस्बेन येथें त्यास बोलावणें आलें. तेथें पहिल्याच चेंडूवर त्यानें बळी घेतला. भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झाले असतां वॉशिंग्टन सुंदरसह त्यानें १२३ धावांची भर घातली. स्वतः ६७ धावा काढिल्या आणि सामन्यांत सात बळी घेतले. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, तेथें भारत विजयी झाला.

पुढील वर्षीं जोहान्सबर्ग येथें आफ्रिकेची जोडी जमली असतां चेंडू पुन्हां त्याच्याच हातीं आला. त्यानें ६१ धावांत सात गडी बाद केले. सामना मात्र भारतानें गमावला. जो दुसऱ्याचा भार उचलतो, त्याच्या हातीं प्रयत्न असतो, निकाल नव्हे.

नित्य प्रथम बोलाविला जाणारा मनुष्य तयार असतोच. त्यांत नवल तें काय? बोलावणें येईल कीं नाहीं, हें ठाऊक नसतांही जो तयार राहतो, त्याची तयारी खरी.