लिहिणारे पुष्कळ, तपासणारे कुठे आहेत?

(लातूर येथे विद्यार्थी आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



लातूरमध्ये बोलायला उभं राहायचं तर आधी मार्क सांगावे लागतात. माझे सांगून टाकतो. ऑक्टोबर 2020 मध्ये ओपन सोर्सच्या परीक्षेत मला चारपैकी शून्य मिळाले.

लॉकडाऊन होता. नांदेडचं कॉलेज बंद, मी इथं घरी. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो असं सॉफ्टवेअर. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सवर चालतो तो असाच, 1991 मध्ये एका विद्यार्थ्याने सुरू केलेला. दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो. त्या वर्षी चार बदल सुचवले की टी-शर्ट मिळणार होता. मी काय केलं? चार अनोळखी प्रकल्पांच्या माहितीपानावर एकेक शब्द घुसवला. कुठे 'अप्रतिम', कुठे 'सुंदर', तेही इंग्रजीत. अशी हजारो पोरं होती, आणि त्यात आपल्या देशातली पुष्कळ. चालवणारे इतके वैतागले की 3 ऑक्टोबरलाच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांना हवं असेल त्यांच्याच बदलांची मोजणी होईल. माझ्या चारही बदलांवर 'स्पॅम' असा शिक्का बसला. टी-शर्ट गेला, ते ठीक. पण नावापुढचा तो शिक्का बघून दोन दिवस जेवण गेलं नाही.

ती चूक माझी होती, पण ती सवय कुठून आली तेही सांगतो. लातूर पॅटर्नवर वाढलेला मुलगा मी. प्रश्नपत्रिका सोडवा, घड्याळ लावा, पुन्हा सोडवा. या पॅटर्नने कित्येक घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर दिला, त्याची टिंगल मी करणार नाही. पण त्यात शेजारच्या बाकावरचा मुलगा स्पर्धक असतो आणि पेपर तपासणारा कोण आहे, किती थकलाय, हे आपल्याला कधी दिसत नाही. ओपन सोर्समध्ये सगळं काम त्या तपासणाऱ्यावर अडलेलं असतं.

आता माझ्या दुसऱ्या प्रयत्नाकडे येतो. कॉलेज सुरू झाल्यावर ग्रंथालयात मदत करत होतो. कॅटलॉगमध्ये 'वाऱ्यावरची वरात' शोधलं, तर पुस्तक नाही. पुस्तक समोर कपाटात! झालं होतं असं की 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येतं. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन. दुसरं, साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. सकाळच्या पाळीतल्या ताईंचा कीबोर्ड एक, संध्याकाळच्या सरांचा दुसरा. 'ॲप'मधल्या ॲचंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 मध्ये. त्याआधीचे लोक अ वर चंद्र जोडून लिहीत, अजूनही बरेच जण लिहितात.

भारतीय भाषांचा मजकूर एकसारखा करून देणारं एक छोटं मोफत साधन होतं. त्यात ही मराठीची दुरुस्ती मी लिहिली, वीस-पंचवीस ओळी असतील, आणि पाठवली. एक महिना गेला. दोन गेले. चौथ्या महिन्यात मी जरा कडक भाषेत विचारलं, तुम्हाला मराठीची गरज वाटत नाही का?

मेंटेनर म्हणजे तो प्रकल्प सांभाळणारा माणूस. परराज्यात शिक्षक आहेत. त्यांचं उत्तर शांत होतं. मी रविवारी दोन तास बसतो, म्हणाले, तुझ्या आधी नऊ पॅच रांगेत आहेत. त्यातले दोन उर्दूचे आहेत, मला उर्दू येत नाही. तुला येतं का?

मी मराठी माध्यमाचा. उर्दू घरची, अम्मीकडून शिकलेली, वाचताना बोट ठेवून वाचणारा. पॅचमध्ये होतं काय, तर आपल्या मराठीचंच भावंड. अरबीचा काफ आणि उर्दूचा काफ संगणकाला वेगळे, 'ये'चंही तसंच. अरबी कीबोर्डवर टाइप केलेलं नाव उर्दू कीबोर्डवरून शोधलं की सापडत नाही. नांदेडला माझी खाला उर्दू शाळेत शिकवते. तिच्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो. खालाला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने हजेरीपट काढला आणि एकेक नाव टाकायला लावलं. चाळिसाव्या नावाच्या आसपास ती म्हणाली, "थांब, हे बघ, इथं शेवटची ये बदलली आणि बडी ये झाली." खरंच झाली होती. छोटी ये आणि बडी ये यांनी उर्दूत अर्थ बदलतो, मुलगा आणि मुलगी यातला फरक पडू शकतो. पॅच लिहिणारा हैदराबादचा मुलगा होता, त्याने दोन दिवसांत सुधारला. मग त्याने माझा मराठी पॅच तपासला, मराठीतलं त्याला एक अक्षर येत नसताना. मी दिलेल्या शब्दांच्या यादीवर चालवून बघितला. एका ठिकाणी माझी दुरुस्ती 'दर्या' या शब्दालाही हात लावत होती! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. मी मराठीचा, आणि ते पकडलं त्याने.

दोन्ही पॅच एकाच रविवारी आत गेले. सहकार्याची यादी असते तिथं खालाचंही नाव आहे. ती अजून विचारते, "मेरा नाम वहाँ काय कू?"

ग्रंथालयातले लोक इथं बसलेत, म्हणून कोहाबद्दल बोलतो. पुष्कळ कॉलेजांत तुम्ही ते वापरता. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेन्युआ या छोट्या ग्रंथालय न्यासासाठी ते बनलं आणि जानेवारी 2000 मध्ये सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द, भेट या अर्थाचा. आपल्या आहेरासारखं, त्यात परतफेडीची अपेक्षा असते. कोहामध्ये कोणाचाही बदल थेट आत जात नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी तो चालवून बघून सही करायची, मग गुणवत्ता तपासणाऱ्या गटातल्या एकाने. पहिली सही करायला प्रोग्रामर असावं लागत नाही. ब्राउझरमध्ये तपासणीसाठी तात्पुरतं कोहा उघडून मिळतं, कोणताही ग्रंथपाल ते काम करू शकतो. मला ही रचना फार शहाणी वाटते. तिच्यामुळे लिहिणाऱ्याला आपोआप कळतं की आपल्याला सही हवी तर आपणही कुणाला तरी द्यावी.

माणसं वाढवली की काम वाढतं, हा गैरसमज जुना आहे. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प चालवलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 च्या पुस्तकात लिहून ठेवलं की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर नवी माणसं आणली तर ते आणखी रखडतं. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या 10 होतात, दहा जणांत 45. त्यात नव्याला शिकवायचं कोणी? जो आधीच थकलाय त्यानेच.

थकलेल्याचं काय होतं ते 2024 मध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड नावाचं फाइली आवळून ठेवणारं साधन, असंख्य सर्व्हरवर असलेलं, मुख्यतः एक माणूस फावल्या वेळात विनामोबदला सांभाळत होता. 2022 मध्ये त्याने उघड लिहिलं की मनाची तब्येत बरी नाही. त्याच काळात काही खात्यांवरून तगादा सुरू झाला: काम हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या. मदतीला तत्पर असा एक जण पुढे आला, विश्वास मिळवला आणि दोनेक वर्षांनी त्याने आत चोरवाट बसवली. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून ते पकडलं गेलं. अर्धा सेकंद! तगाद्याची ती वाक्यं मी वाचली तेव्हा मला माझंच चौथ्या महिन्यातलं पत्र आठवलं. माझा हेतू वाईट नव्हता, पण त्या शिक्षकांना रविवारी सकाळी ते कसं वाटलं असेल?

पगाराचं अब्बा अजून विचारतात. पुण्यातल्या मुलाखतीत मला त्या वीस ओळींपेक्षा दर्या-दऱ्याबद्दल जास्त विचारलं गेलं, एवढं त्यांना सांगितलं आहे. तरीही फुकटच्या कामावर चाललेल्या गोष्टी विकून कंपन्या श्रीमंत होतात आणि मेंटेनर रविवार घालवतो, हा त्यांचा आक्षेप मला खोडता आलेला नाही.

आता तुम्हाला विचारतो. इथं मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येणारे किती? हात वर करा. मागे त्या चाची पण? बरं. हैदराबादच्या त्या मुलाला आणि त्या शिक्षकांना असे लोक शोधून मिळत नाहीत. माझ्याकडे आज तपासायचे अकरा पॅच आहेत, सहा उर्दूचे, पाच मराठीचे. चहा झाला की ज्यांना जमेल त्यांनी थांबा, लॅपटॉप तीन आहेत. चाची, तुम्ही पहिल्या लॅपटॉपवर बसा.