स्थलांतराचे सरकारी आकडे

(पाटण येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत केंद्रीय श्रममंत्रालयास विचारण्यात आले की, टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित कामगार मृत्युमुखी पडले. लेखी उत्तर आले : अशी माहिती ठेवली जात नाही, सबब भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. परतलेल्यांचा आकडा मात्र त्याच अधिवेशनात १,०४,६६,१५२ असा एककापर्यंत देण्यात आला. ज्या शासनाला एक कोटीच्या पुढची शेवटची दोन माणसेही मोजता आली, त्याला वाटेत पडलेले मोजता येत नव्हते असे मानणे कठीण आहे. परतणारे मोजण्यास कारण होते. मेलेले मोजले असते तर त्यांच्यामागोमाग पैशाची मागणी आली असती.

त्याच उन्हाळ्यात पाटण तालुक्यात काय घडले ते येथे बसलेल्या सर्वांस ठाऊक आहे. ढेबेवाडीचे खोरे, मोरगिरीचा भाग, हेळवाकच्या वरची गावे मुंबई-नवी मुंबईहून आलेल्या माणसांनी भरून गेली. शाळांच्या वर्गांत विलगीकरण झाले. ग्रामपंचायती, पोलीस पाटील, आशासेविका यांनी आलेल्या प्रत्येकाचे नाव, तो कोठून आला, केव्हा आला, हे लिहून घेतले. दिल्लीला जी गणना वर्षानुवर्षे जमली नाही, ती गावाने शाळेच्या वहीत काही आठवड्यांत केली. रोगाची भीती ओसरली आणि वह्या मिटल्या.

हा प्रकार नवा नाही. १८३४ नंतर गिरमिटावर मॉरिशसला जी हिंदी माणसे गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते. त्यांच्या नोंदी तेथील मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत आजही जतन केलेल्या आहेत. मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, वय, अंगावरची खूण, मळ्याचे नाव असा बारीक तपशील. मळेवाल्याने माणशी पैसा मोजला होता, म्हणून माणूसही काळजीपूर्वक मोजला गेला. शासन कोणते आकडे गोळा करते हे पाहावयाचे असेल तर प्रथम ते कोणाला हवे होते हे पाहावे.

आता आपल्या जनगणनेकडे वळू. स्थलांतराची माहिती ती प्रामुख्याने दोन प्रश्नांतून काढते. पहिला जुना : जन्म कोठे झाला? मुंबईच्या १९२१ च्या गणनेत केवळ १६ टक्के रहिवासी मुंबईत जन्मलेले आढळले. गिरणगाव कोणी वसवले ते या एका आकड्यावरून कळते. पण या प्रश्नात एक घरगुती खोच आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. कराडच्या आजोळी जन्मून तीन महिन्यांनी पाटणला आलेले मूल या हिशेबाने आयुष्यभर स्थलांतरित ठरते. आणि चाळीस वर्षे मशीद बंदरात पाठीवर पोती वाहून साठीला गावी परतलेला माथाडी स्थलांतरितच नव्हे, कारण जन्मगाव आणि राहते गाव एकच. म्हणून १९७१ पासून दुसरा प्रश्न जोडला गेला : याआधी कोठे राहत होता? या प्रश्नाने तो म्हातारा माथाडी मुंबईहून पाटणला ‘स्थलांतर’ करून आलेला दिसतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि त्याची चाळीस वर्षे दोन्हींत नाहीत.

१९८१ पासून कारणही विचारले जाते, आणि सर्वांत मोठा घोळ येथेच आहे. २०११ च्या गणनेत सुमारे ४५.६ कोटी लोक स्थलांतरित ठरले. त्यांपैकी ४६ टक्क्यांच्या आसपास ‘विवाह’ या कारणाखाली आहेत. ‘काम’ या कारणाखाली जेमतेम दहा टक्के. हे वाचून भारतातील स्थलांतर म्हणजे मुख्यतः लग्नाची वरात, असा समज करून घेणारे विद्वानही आढळतात. वस्तुतः प्रत्येकास एकच कारण नोंदविता येते. मंद्रुळकोळ्याहून लग्न होऊन तुर्भ्याला गेलेली बाई दुसऱ्या महिन्यापासून बाजार समितीच्या गाळ्यांत मिरची निवडू लागते. तिच्या मजुरीवर घरभाडे जाते. पण तक्त्यात ती लग्नामुळे आलेली. कष्टकरी स्त्रीचे स्थलांतर असे एका शब्दात पुसले जाते.

आणि धरणग्रस्त? कोयना धरणासाठी जी गावे उठविली गेली, त्यांतील माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. तोवर शिवसागर जलाशय भरून बरीच वर्षे लोटली होती. जनगणनेच्या कारणांच्या यादीत ‘प्रकल्पामुळे विस्थापन’ असे कारण २०११ पर्यंत कधीच नव्हते. १९९१ मध्ये ‘नैसर्गिक आपत्ती’ हे एक कारण आले, २००१ मध्ये तेही गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने किंवा जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे कोसळलेल्या दरडींनी हललेले घर नोंदवावयाचे तर ‘इतर’ हाच रकाना. २०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्त आठवडेच्या आठवडे बसून राहिले, तेव्हा पात्र कुटुंबांची यादी पक्की करा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. धरणात किती पाणी आहे हे शासन रोज सांगते. त्या पाण्याखालून किती माणसे उठली हे साठ वर्षांनी खातेदारांनाच सांगावे लागले.

जे थेट मोजले जात नाही ते कधी आडवाटेने प्रकट होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सातारा जिल्ह्यात ९८८, रत्नागिरीत ११२२. साताऱ्यात मुलींचे विशेष कौतुक होते म्हणून हा आकडा वर गेला, असे कोणी समजू नये. सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण याच जिल्ह्यात नऊशेच्याही खाली होते. स्त्रिया अधिक नाहीत, कर्ते पुरुष गावात नाहीत. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली आणि ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, ते पुरुष या ९८८ मध्ये न दिसता दिसतात.

याहून अवघड आहे ते हंगामी माणसाचे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडे येतात, मरळीच्या कारखान्याच्या परिसरात खोप्या उभ्या राहतात, उन्हाळा लागताच मोडतात. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९९-२००० मध्ये अल्पकालीन स्थलांतरित कोणास म्हटले? जो कामासाठी दोन महिने ते सहा महिने गावाबाहेर राहिला त्यास. २००७-०८ मध्ये दोन महिन्यांचा एक महिना झाला. व्याख्या हलली की माणसे जागची न हलता आकडा हलतो. शिवाय पाहणी करणारा घरोघर जातो. बीडचे घर कुलूपबंद, आणि साताऱ्याची खोपी ‘घर’ या व्याख्येत बसेलच असे नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा श्रमसंहितेने घेतली, पण सीमेची अट तीच. बीडचा तोडकरी आणि पाटणचा माथाडी दोघेही महाराष्ट्रातच फिरतात, म्हणून कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित नाहीत.

आकडे हाती येतात तेव्हा ते शिळे झालेले असतात, हे वेगळेच. २०११ च्या स्थलांतराचे तपशीलवार तक्ते २०१९ उजाडेपर्यंत बाहेर पडत होते. मधल्या काळात सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीला रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून अंदाज बांधावा लागला, आणि राज्याराज्यांतून वर्षाला सरासरी ९० लाख माणसे हलतात असा निष्कर्ष निघाला. पाटण आगारातून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणारा त्यातही नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. याची किंमत धान्यात मोजावी लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे ८१.३५ कोटी लाभार्थी २०११ च्या लोकसंख्येवर ठरले. लोकसंख्या वाढली, आकडा गोठला. दहा कोटींहून अधिक माणसे त्यामुळे बाहेर राहिल्याचा हिशेब ज्याँ द्रेझ व रितिका खेरा यांनी २०२० मध्ये मांडला.

देशाबाहेर जाणाऱ्यांची गणना आणखीच तुटपुंजी. १९८३ च्या कायद्याखाली परवानगी लागते ती मुख्यतः दहावीही न झालेल्या कामगारास, तीही ठरावीक १८ देशांसाठी. साताऱ्याची परिचारिका लंडनला गेली तर ती या नोंदीत येत नाही. लंडनला तरी ती नीट मोजली जाते काय? ब्रिटनने १९६१ पासून बंदरांवर व विमानतळांवर निवडक प्रवाशांना थांबवून प्रश्न विचारले आणि त्यावरच पुढे स्थलांतराचे आकडे बसविले. २०११ च्या गणनेनंतर उघड झाले की, आधीच्या दहा वर्षांत निव्वळ स्थलांतर सुमारे ३ लाख ४६ हजारांनी कमी धरले गेले होते. पद्धत बदलल्यावरही २०२२ चा आकडा प्रथम ६ लाख ६ हजार आणि सहा महिन्यांनी ७ लाख ४५ हजार असा प्रसिद्ध झाला. एवढे मात्र तेथील सांख्यिकी कार्यालयाच्या बाजूने म्हणावे लागेल की, चूक त्याने स्वतः छापली. त्या आकड्यांवर तेथे निवडणुका लढविल्या गेल्या हा भाग निराळा.

आता १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. कार्यकर्त्यांस करण्याजोगे काम येथे आहे. मुंबईत राहणाऱ्याने गावच्या घरात नाव घालण्याचा आग्रह धरू नये; त्याचे रेशन, पाणी, शाळा मुंबईत हवी असेल तर त्याचे डोकेही तेथेच मोजले जावे. कामावर जाणाऱ्या बाईने स्वतः प्रगणकासमोर बसावे, तिच्या वतीने दिराने उत्तरे देऊ नयेत. ऊसतोड्यांचे काम मात्र अधिक चिकाटीचे आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरला, आणि त्या महिन्यांत खोप्या उभ्याच नसतात. त्यामुळे प्रगणकाच्या नकाशात त्या येत नाहीत. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, तो नकाशा घेऊन निघेल तेव्हा त्यास त्या कोणी दाखवावयाच्या? टोळीवार करार कारखान्यांच्या शेती विभागाकडे असतात. कोणती टोळी कोणत्या गावच्या शिवारात उतरली आहे याची यादी तेथून मिळवून, प्रत्येक तळावर प्रत्यक्ष जाऊन ती तपासून, जानेवारी २०२७ संपण्यापूर्वी तहसील कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.