यारीचालकाचे शिक्षण

जुन्या मराठीत क्रेनला 'यारी' म्हणत. उज्जैनच्या रस्त्यावर हाच शब्द उच्चारला, तर ऐकणारा त्याचा अर्थ मैत्री असा घेईल. शब्दांचा हा योगायोग निरर्थक नाही. यारीच्या आकड्याला ओझे लटकले, म्हणजे यंत्र चालविणारा चालक, ओझ्याला दोर बांधणारा खलाशी आणि खाली उभा राहून हाताने खुणा करणारा इशारेदार या तिघांचे प्राण परस्परांच्या विश्वासावर टांगलेले असतात. हा विश्वास केवळ स्नेहातून उत्पन्न होत नाही. तो शिक्षणाने कमवावा लागतो.

उज्जैन नगरीला बांधकामाचे नावीन्य नाही. अठराव्या शतकात शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. पुढील शतकात बायजाबाई शिंदे यांनी गोपाळ मंदिर उभारले. त्या काळी दगड चढत असे तो माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर. आज ते काम यंत्रांकडे आले आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' परिसराच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. आणि आता २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेच्या काठी घाट, पूल व रस्ते यांची कामे चालली आहेत. अशा कामांवर आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्याच्या यारीपेक्षा लहान यारीच अधिक दृष्टीस पडते. चार चाकांवर चालणारी, ओझे उचलून ते लटकते ठेवूनच पुढे जाणारी, दहापंधरा टन क्षमतेची ही यारी देशभर 'हायड्रा' या नावाने ओळखली जाते. मुळात ते एका उत्पादकाने दिलेले नाव. परंतु आता ते जातिवाचक झाले आहे.

'लहान' हा शब्दच येथे घात करतो. मोठ्या यारीभोवती अभियंते असतात, नकाशे असतात, तपासणीचे कागद असतात. लहान यारी मात्र तासाच्या भाड्याने येते, दोन खेपा करते आणि निघून जाते. तिला कोणी भीत नाही, आणि ज्याचे भय नाही त्याचे नियम पाळण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

वस्तुतः यारी म्हणजे एक तराजू आहे. पुढची चाके हा त्याचा टेकू. त्याच्या एका बाजूस यंत्राचे स्वतःचे वजन आणि दुसऱ्या बाजूस उचललेले ओझे. ओझे टेकूपासून जितके दूर, तितका त्याचा उलथविण्याचा जोर अधिक. दोन मीटरवर धरलेले ३ टनांचे ओझे ६ टन-मीटर जोर लावते. भुजा लांबवून तेच ओझे चार मीटरवर नेले, की तो जोर १२ टन-मीटर होतो. ओझे गुंजभरही वाढले नाही. यंत्रावरचा ताण मात्र दुप्पट झाला. यंत्राच्या अंगावर ठळक अक्षरांत रंगविलेली क्षमता ही भुजा जवळात जवळ असतानाची असते. भुजा लांबविली, जमीन उतरती असली, किंवा मधोमध दुमडणारे यंत्र वळणावर असले, म्हणजे ती झपाट्याने घटते. ही घट सांगणारा तक्ता चालकाच्या खोलीत असावा लागतो. तो वाचता येणे हा यारीचालकाच्या शिक्षणातील श्रीगणेशा होय.

दुसरा धडा दोरांचा. दोन दोरांनी ओझे उचलले, म्हणजे प्रत्येकावर निम्मा भार पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. दोर उभे असतील तरच तो खरा. १ टनाचे ओझे घेतले आणि दोर जमिनीशी ६० अंशांचा कोन करीत असले, तर प्रत्येकावर सुमारे ५८० किलोचा ताण येतो. कोन ४५ अंशांचा झाला, की तो ७०० किलोंच्या वर जातो. आणि ३० अंशांवर आला, की प्रत्येक दोराला पुरता १ टन पेलावा लागतो. आखूड दोर ताणून बांधणारा खलाशी अशा रीतीने न कळत भार वाढवीत असतो. पोलादी दोराच्या तुटलेल्या तारा, त्याला बसलेली गाठ, आकड्याच्या तोंडावरील निखळलेली खिटी या गोष्टी दिसावयास क्षुल्लक. परंतु रोज सकाळी त्या पाहण्यास जी पाच मिनिटे लागतात, त्यांचे मोल पुढे पैशांत करता येत नाही.

हे धडे कोठेही सारखेच. तथापि उज्जैनमध्ये त्यांना स्थानिक परिस्थितीची जोड द्यावी लागते. तेथे धोक्याची स्थळे चार: माती, तार, वारा आणि गर्दी.

माळव्याची काळी माती शेतकऱ्याला वरदान आहे, यंत्राला नव्हे. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक होऊन भेगाळते, आणि पाणी लागताच फुगून मऊ होते. सकाळी ज्या जागेने भार पेलला, तीच जागा दुपारच्या सरीनंतर दगा देते. ओझे उचललेल्या यारीचे एक चाक वीतभर रुतले, तरी तराजूचा तोल बिघडतो. म्हणून चाकांखाली अगर टेकूच्या पायांखाली जाड फळ्या किंवा पोलादी पत्रे अंथरून भार पसरविणे, आणि नुकतेच बुजविलेले चर टाळणे, हे चालकाच्या अंगवळणी पडले पाहिजे.

जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत डोक्यावर विजेच्या तारा असतात. उच्च दाबाची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही. भुजा पुरेशी जवळ आली, की ती मधली हवा ओलांडते. अमेरिकेच्या नियमांत ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर, अंतर राखण्यास सांगितले आहे. भुजा तारेला लागलीच, तर चालकाने आपल्या जागी बसून राहावे. खाली उतरू नये. खालच्यांनी यंत्राला हात लावू नये आणि वीजपुरवठा बंद होईपर्यंत जवळ येऊ नये. यंत्राला आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर एकाच वेळी यंत्राला आणि जमिनीला स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून उडी घ्यावी आणि पाय जुळलेलेच ठेवून लहान लहान उड्या मारीत दूर जावे. ऐकताना हे विचित्र वाटेल; परंतु ज्याने ते एकदा मैदानावर करून पाहिले आहे, त्यालाच संकटाच्या क्षणी ते आठवेल.

वाऱ्याविषयी उज्जैनकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थाच्या मेळ्यात वादळाने मंडप कोसळले आणि किमान सात जण मृत्युमुखी पडले. २८ मे २०२३ रोजी वाऱ्याच्या सोसाट्याने महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती पाडल्या. सिंहस्थही नेमका त्याच ऋतूत येतो. पत्रा, फलक, मूर्ती असे रुंद व हलके ओझे वाऱ्यात शिडासारखे वागते आणि यारीला आपल्याबरोबर ओढते. काम थांबविल्यावरही धोका संपत नाही. ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केत वादळी वाऱ्याने एक प्रचंड यारी कोसळली आणि शंभरांहून अधिक यात्रेकरू प्राणांस मुकले. काम बंद असतानाही तिची भुजा उभीच ठेवली होती, असे चौकशीत आढळले. यारी मोठी असो वा लहान, काम संपताच भुजा खाली घेण्याचा नियम दोहींना एकच.

चौथे स्थळ गर्दीचे. तीर्थक्षेत्रात यात्रेकरूंचा ओघ कामासाठी थांबत नाही, आणि हलते यंत्र पाहण्यास माणसे जमतात. शिवाय उत्सवाच्या भरात माणसांनाच यारीने उचलण्याचा मोह होतो. २२ जानेवारी २०२३ रोजी तामिळनाडूत अरक्कोणमजवळच्या एका गावी देवीला हार अर्पण करण्याच्या प्रसंगी माणसे पेलून धरलेली यारी कलंडली आणि चार जणांचा अंत झाला. गणेशविसर्जनास यारी वापरणाऱ्या महाराष्ट्रातील मंडळांनीही हे ध्यानी धरावे. ओझे उचलण्याची यारी हा माणसांचा पाळणा नव्हे.

या सर्वांत सर्वाधिक धोक्यात असतो तो खलाशी. लटकते ओझे झोके खाऊ नये म्हणून तो एका हाताने ते धरून यंत्रापुढे चालतो. जुन्या बांधणीच्या यंत्रांत चालकाची जागा मागे आणि पुढे आडवी भुजा. त्यामुळे नेमका तोच माणूस चालकाला दिसत नाही. त्याचा पाय अडखळला, तर चाक थांबण्यास अवकाश उरत नाही. उपाय साधा आहे. ओझ्याला लांब दोरी बांधावी, खलाशाने ती धरून बाजूने चालावे, ओझे जमिनीलगत ठेवावे, आणि इशारेदार दिसेनासा होताच चालकाने यंत्र थांबवावे. यासाठी लागते ती वीसएक फुटांची दोरी आणि एक ठाम सवय.

आपल्याकडे यारीचालक बहुधा उस्तादाच्या हाताखाली तयार होतो. आधी खलाशी म्हणून दोर बांधावयाचे, मग उस्ताद जेवावयास गेला असता दांडे हाताळावयाचे, आणि एके दिवशी चालकाच्या जागेवर बसावयाचे. या परंपरेला हसण्याचे कारण नाही. हाताला येणारे कसब पुस्तकातून येत नाही. परंतु उस्तादाच्या गुणांबरोबर त्याच्या चुकाही शिष्याकडे जातात, आणि 'मला वीस वर्षांत काही झाले नाही' हे वाक्य नियमाची जागा घेते. जपानमध्ये फिरत्या यारीच्या क्षमतेप्रमाणे शिक्षणाच्या पायऱ्या कायद्यानेच ठरविल्या आहेत: १ टनाच्या आतील यंत्रासाठी विशेष पाठ, १ ते ५ टनांच्या आतील यंत्रासाठी कौशल्याचा अभ्यासक्रम, आणि त्यावरील यंत्रासाठी परवाना. १ टनाच्या आतील यंत्रासाठीही तेथे शिक्षणाची अट आहे, हे विशेष.

आपल्या देशातही नियमांची वाण नव्हती. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील २९ व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रांची आणि दोरांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याचे आणि सुरक्षित भार यंत्रावर लिहिण्याचे बंधन घातले. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा स्वतंत्र अधिनियम झाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हे जुने कायदे त्यांतील सुरक्षाविषयक संहितेत सामावले गेले. परंतु कलम कितीही काटेकोर असले, तरी त्याची कसोटी लागते ती बांधकामाच्या जागेवर, मुकादम 'लवकर' म्हणतो त्या घटकेला.

येथेच उज्जैनचा खरा पेच आहे. इतर कामांची मुदत वाढविता येते. सिंहस्थाची येत नाही. ती ग्रहांनी ठरविलेली असते, आणि गुरू सिंह राशीत कोणा ठेकेदारासाठी थांबत नाही. हीच गोष्ट २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या सिंहस्थाची. म्हणून दिवस जवळ येतात तशी घाई वाढते, रात्रपाळ्या वाढतात, आणि तासाच्या भाड्याने आलेल्या चालकाला 'हे ओझे उचलता येणार नाही' असे म्हणणे अधिकाधिक अवघड होते. तो नाही म्हणाला, तर दुसरा बोलावला जातो; त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा स्थितीत भाराचा तक्ता पाठ असलेला चालकही मान खाली घालून दांडा ओढतो. मग त्याच्या शिक्षणाचा उपयोग काय?

यास्तव यारीचालकाचे शिक्षण चालकापाशी थांबता कामा नये. ओझ्याचे वजन काय, ते किती दूर ठेवावयाचे, जमीन कशी आहे, वर तारा आहेत काय आणि इशारा कोण देणार, हे पाच प्रश्न मुकादमाने आणि ठेकेदारानेही शिकले पाहिजेत. आणि त्यांचे उत्तर मिळेपर्यंत आकडा वर जाणार नाही, असा करार यंत्र भाड्याने घेतानाच झाला पाहिजे. सुरक्षिततेसाठी नकार देणाऱ्या चालकाची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, ही एक अट त्यात घातली, तर अनेक व्याख्यानांनी न होणारे काम होईल. मुदत अटळ असेल, तर काम आधी सुरू करावे, यंत्रे व माणसे वाढवावीत. परंतु पाहणीची पाच मिनिटे त्यातून वजा करू नयेत.

क्षिप्रेच्या नव्या घाटांवर पुढे लक्षावधी पावले उतरतील. त्यांतील एकालाही पायरीचा दगड कोणी उचलला, त्याला दोर कोणी बांधला, हे ठाऊक असणार नाही. ते ठाऊक नसले तरी चालेल. तो दगड उचलणारी माणसे संध्याकाळी धडधाकट घरी परतली होती, एवढे मात्र त्या घाटाविषयी खरेपणाने सांगता आले पाहिजे.