भरल्या कोठारातील उपासमार



अंधेरी-कुर्ला मार्गावरील साकीनाका ही श्रमिकांची वस्ती. खैरानी रस्त्यालगतच्या लहानमोठ्या कारखान्यांत कोणी यंत्रापुढे दिवसभर उभा असतो, तर कोणी शिलाईच्या कामावर तासन्‌तास बसून असतो. न्याहारी चहा-पावावर भागते आणि जेवणाची वेळ पाळीप्रमाणे पुढेमागे होते. त्यातच श्रावणी सोमवार, नवरात्र, एकादशी, रमजानचे रोजे येतात. असे असूनही शरीराचे व्यवहार क्षणभरही थांबत नाहीत. खाणे अधूनमधून आणि खर्च मात्र अखंड, हा मेळ शरीर कसा घालते, हे समजले म्हणजे मधुमेह म्हणजे काय, याचा उलगडा होतो.

तो होणे अगत्याचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज आहे. तरीही ‘आपण गोड खात नाही, अंगाने सडपातळ आहोत, तेव्हा आपल्याला हा विकार कसा होईल?’ असा समज सर्वत्र आढळतो. या समजापायीच अनेकांची तपासणी लांबणीवर पडते.

डबा, कणगी आणि पेव

जुन्या शेतकऱ्याच्या घरी धान्याची व्यवस्था तीन ठिकाणी असे. रोजच्या भाकरीसाठी पिठाचा डबा, काही दिवसांच्या बेगमीसाठी कणगी आणि दुष्काळासाठी जमिनीखालचे पेव. शरीराची रचनाही अशीच आहे. रक्तातील ग्लुकोज हा पिठाचा डबा होय. निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी ते अवघे पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा एवढेच असते. मेंदूला मात्र दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक ग्लुकोज लागते. म्हणून हा डबा सतत भरत राहावा लागतो.

कणगी म्हणजे ग्लायकोजेन. यकृतात ते सुमारे शंभर ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून त्याच्या तिप्पट-चौपट साठते. यकृताची कणगी साऱ्या शरीरासाठी खुली असते. स्नायूची कणगी मात्र ज्याची त्यालाच उपयोगी पडते. तिच्यातले ग्लुकोज पुन्हा रक्तात येत नाही. पेव म्हणजे मेद. सडपातळ माणसाच्या अंगीही तो काही किलो असतो आणि त्याच्या दर ग्रॅममधून नऊ कॅलरी उष्णता मिळते.

या साऱ्यावर देखरेख ठेवणारा कोठावळा म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन. एका जेवणातील भात-भाकरीपासून पन्नास ग्रॅमहून अधिक ग्लुकोज सहज तयार होते. हे डब्यातील साठ्याच्या दसपट झाले. अशा वेळी इन्सुलिन वाढते, ग्लुकोज स्नायूंत व यकृतात भरले जाते आणि पेवाचे तोंड बंद होते. जेवणानंतर काही तासांनी इन्सुलिन ओसरते, ग्लुकॅगॉन नावाचे दुसरे संप्रेरक पुढे होते आणि यकृताची कणगी उघडते.

उपवासात आणि श्रमात

रात्रभराचा उपवास यकृत सहज निभावून नेते. सुमारे एका दिवसात त्याचा साठा बहुतांशी संपतो. मग स्नायूंतील प्रथिनांपासून यकृत नवे ग्लुकोज घडवू लागते. हे असेच चालू राहिले तर स्नायूच झिजून जातील. म्हणून दोन-तीन दिवसांनंतर मेदापासून कीटोन नावाचे पदार्थ वाढत्या प्रमाणात तयार होतात आणि मेंदूही त्यांच्यावर चालू लागतो. दीर्घ उपवासात मेंदूची निम्म्याहून अधिक गरज कीटोन भागवतात, हे अमेरिकेत जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४३ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींनी वयाच्या ७३ व्या वर्षी २१ दिवसांचे उपोषण केले. त्यात देह तगून राहिला तो याच व्यवस्थेच्या बळावर.

आपल्याकडील एकादशीची गोष्ट मात्र निराळी. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. भक्तीच्या दृष्टीने तो उपवास खरा असेल; यकृताच्या दृष्टीने ते भरपेट जेवणच ठरते.

श्रमाचे वैशिष्ट्य याहून मोलाचे आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या हुकमाची वाट न पाहता रक्तातील ग्लुकोज उचलू शकतो. शिवाय रिकामी झालेली त्याची कणगी पुढे कित्येक तास नवे ग्लुकोज सामावून घेण्यास तयार असते. जेवणानंतरची शतपावली हितकर ठरते ती यामुळेच. मात्र दिवसभर एका जागी बसून केलेले काम माणसाला थकवते. त्याने स्नायूची कणगी रिती होत नाही.

कोठावळ्याचा हुकूम चालेनासा होतो तेव्हा

मधुमेहाच्या एका प्रकारात, जो बहुधा लहान वयात जडतो, इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलांना १९२२ पूर्वी मृत्यूवाचून गती नव्हती. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले आणि चित्र पालटले. दुसऱ्या, सर्वत्र आढळणाऱ्या प्रकारात इन्सुलिन असते. पण स्नायू आणि यकृत त्याचे ऐकेनासे होतात आणि कालांतराने स्वादुपिंडही थकते. जेवण झालेले असतानाही यकृत आपली कणगी रक्तात ओतीतच राहते. रक्तशर्करा १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीवाटे वाहू लागते. रक्तात ग्लुकोजचा पूर आणि पेशी मात्र भुकेल्या, अशी ही भरल्या कोठारातील उपासमार होय. तहान, थकवा, वजन घटणे ही तिची लक्षणे. पुष्कळदा मात्र कोणतेही लक्षण न दिसता डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा यांची हानी होत राहते.

सडपातळपणाचा भरवसाही फोल आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके वजनाने इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी भरले, पण मेद त्या मानाने टिकून होता. म्हणजे पेव मोठे आणि कणगी लहान. मधुमेहाच्या प्रतिबंधाचा आरंभ गरोदर मातेच्या पोषणापासून होतो, हे यावरून दिसते.

काय करता येईल?

वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तशर्करा तपासावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे. शहरात महानगरपालिकेच्या दवाखान्यात आणि गावात आरोग्य केंद्रावर ही सोय असते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक शर्करा पुन्हा तपासूनही आढळली, तर मधुमेह ठरतो. शिक्षक व पंचायत सदस्यांच्या एका शब्दाने पुष्कळ लोक तपासणीस तयार होतात.

दुसरी गोष्ट तितकीच निकडीची. इन्सुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवले, तर औषध आपले काम करीतच राहते आणि डबा रिता होतो. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही त्याची खूण. असा कामगार यंत्रापुढे कोसळला, तर लोक त्याला नशेत असल्याचा दोष देऊन मोकळे होतात. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. उपवास वा रोजे ठेवण्यापूर्वी अशा रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

पाळीचे काम, सणावारांचे उपवास आणि कष्ट साकीनाक्यासारख्या वस्तीला चुकणारे नाहीत. परंतु जेवणाची वेळ पाळू देणारा मालक, शेजाऱ्याला तपासणीला नेणारा नागरिक आणि चक्कर आलेल्याच्या हाती वेळेवर साखरपाणी देणारा सोबती, एवढे तर प्रत्येक वस्तीला लाभू शकतात. मधुमेही माणसाचे आयुष्य पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.