काहील थांबत नाही

खुटबावचे ग्रामस्थ आणि मेकअप करून मघापासून पडद्यामागे ताटकळलेल्या मुलामुलींनो,

तुमचे नाच माझ्यामुळे अडलेत याची मला कल्पना आहे. लांबण लावत नाही.

सरांनी ओळख करून देताना माझ्या ‘खडतर संघर्षा’चं असं वर्णन केलं, की मलाच माझी दया यायला लागली. मी कमी पैशांतल्या मराठी सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करतो. लांब काठीला माइक लावून तास तास उभा राहतो. खांदे भरून येतात, पैसे उशिरा मिळतात, कधी बुडतातही. पण यात मजा नसती, तर मी केव्हाच मंगल कार्यालयात साउंड सिस्टिम लावायला गेलो असतो. तिथं ॲडव्हान्स मिळतो.

मजा कसली, ते सांगतो. याच पट्ट्यातल्या एका गुऱ्हाळावर आमचं शूटिंग होतं. रस आटवायच्या काहिलीशेजारी उभे राहून बाप-लेक भांडतात आणि मागं गूळ उतरतो, एवढाच प्रसंग. खरं गुऱ्हाळ, खरे कामगार. सेट लावायला पैसे नव्हते. पाक आटत आला, तशी लेन्सवर वाफ धरली. आमचा दिग्दर्शक गुळव्याला म्हणाला, “काका, दोन मिनिटं थांबता का? लेन्स पुसतोय.” काकांनी मान वर न करता सांगितलं, “काहील थांबत न्हाय. तुमचं तुम्ही बघा.” पाण्यात पाकाची गोळी वळून पाहिली, हाक दिली आणि चौघांनी काहील उचलून वाफ्यात रिकामी केलीसुद्धा. आम्ही बघत राहिलो.

पुढचं आधण निघायला अडीच-तीन तास. त्या वेळात मालकानं थोडा वेळ चरक बंद ठेवला, म्हणून मी माइक काहिलीजवळ नेला. पातळ रस भराभर उकळतो. आटत आला की बुडबुडे जड होतात, एकेक सावकाश फुटतो. हेडफोन काकांच्या कानाला लावले. जन्मभर हा आवाज ऐकलेला माणूस, पण एकदम हसले. “एवढी बोलती व्हय ही!” मग किती आटल्यावर आवाज कसा बदलतो, हे तेच मला सांगायला लागले.

दुसऱ्या आधणाला सगळं जुळून आलं आणि नेमकी पुणे-दौंड लाइनवर गाडीनं शिट्टी दिली. बापाचं वाक्य गेलं. तिसऱ्या आधणाआधी दिग्दर्शकानं कागद काढला आणि संवादच कापून टाकले. बाप-लेक गप्प उभे राहणार, बोलणार फक्त काहील. सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग तोच झाला. खिशात पैसे असते तर स्टुडिओत काहील मांडली असती, लांबलचक संवाद ठेवले असते आणि तुम्ही जांभया दिल्या असत्या.

पैसे नसताना अशी वाट काढणं काही आम्ही शोधून काढलेलं नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. सिनेमात काम करतो म्हणायची लाज, म्हणून नटांनी बाहेर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरी’त आहोत असं सांगायचं. कोऱ्या फिल्मला भोकं नसायची. ती अंधारात बसून पाडायच्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांचाच. परेश मोकाशींनी 2009 साली यावर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला, तोही स्वतःचं घर गहाण टाकून. पण त्यात रडारड नाही. फाळके दांपत्य त्यात धडपडतं आणि धमाल करतं. मला ते पटतं. फक्त सरस्वतीबाईंना त्या धमालीसाठी किती रात्री जागावं लागलं असेल, हे विसरून हसू नये.

आणि लांब कशाला जायचं? चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूर गाठा, घोड नदी ओलांडा, पलीकडे गव्हाणेवाडी. तिथल्या भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून धनगरांच्या जगण्यावर ‘ख्वाडा’ केला. 2014 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पण माझी कॉलर ताठ होते ती पुढच्या गोष्टीनं. लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही ‘ख्वाडा’लाच, महावीर सब्बनवाल यांना. स्टुडिओत बसून मागाहून भरलेला आवाज नव्हे, माळावर जसा उमटला तसा. माळावर वारा माइकमध्ये घुसतो, मेंढरं दिग्दर्शकाचं ऐकत नाहीत. त्या माणसानं तिथं काय काय सोसलं असेल आणि एखादा टेक स्वच्छ मिळाल्यावर मनात कशी उडी मारली असेल, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला न सांगता कळतं.

पालक मंडळी अस्वस्थ झालेली दिसताहेत. घाबरू नका, पोरांना जमीन विकायला सांगायला मी आलेलो नाही. विकलेल्या जमिनीवर झालेले आणि डब्यात पडून राहिलेले सिनेमेही मी पाहिलेत. त्यांच्या गोष्टी कुणी स्टेजवर सांगत नाही. पोरांच्या हातात मोबाईल आहे, गावात गुऱ्हाळ आहे, घरात आजी आहे. सुरुवातीला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

उन्हाळ्यात मी पुन्हा या भागात शूटिंगला येतोय. माइकची काठी धरायला दोन जण हवेत. मुलगी चालेल, मुलगा चालेल. अट एकच, टेक चालू असताना हसायचं नाही. रोज मिळेल, दुपारचं जेवण मिळेल, ऊन फुकट. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर घरी विचारून सरांकडे नाव द्या.

चला, आता नाच सुरू होऊ द्या. आणि तो उजवीकडचा स्पीकर फाटतोय, त्याचा आवाज जरा कमी करा.