तांब्याचा गुण आणि तांब्याचे माप

श्रोतेहो, आजचा विषय तसा आपल्या घरातलाच आहे. तांबे. देवघरात तांब्याचे ताम्हन असते, ओसरीवर पाण्याचा हंडा असतो, आणि जुन्या घरांतून अजून तांब्याचा बंबही दिसतो. आता हेच तांबे एका निळसर पाण्याच्या बाटलीत शिरून बाजारात आले आहे. मी राहतो ते कामोठे म्हणजे पनवेलजवळची सिडकोने वसवलेली वसाहत. येथे सातारा-सांगलीची, कोकणातली पुष्कळ कुटुंबे नोकरीधंद्यासाठी राहतात. सणासुदीला ती गावी निघाली, की त्यांच्या पिशवीतून ही बाटली गावच्या आई-मावशीपर्यंत पोचते. "सुरकुत्या जातात, गेलेले केस परत येतात," अशी तिची ख्याती. किंमत काही शे रुपयांपासून हजार-दोन हजारांपर्यंत. बाटलीवर नाव असते 'कॉपर पेप्टाइड'. ही ख्याती कितपत खरी, एवढेच आज पाहू.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा अगदी लहान तुकडा. प्रथिन ही जर मण्यांची लांब माळ धरली, तर पेप्टाइड म्हणजे त्यातले दोन-चार मणी. १९७३ साली अमेरिकेत लोरेन पिकार्ट या संशोधकाला माणसाच्या रक्तात असा तीन मण्यांचा एक तुकडा सापडला. हा तुकडा तांब्याला चटकन धरून ठेवतो, आणि त्या तांब्यामुळेच त्याला निळा रंग येतो. पुढे १९८८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले, की काचेच्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींना हा पदार्थ दिला, तर त्या कोलॅजन अधिक तयार करतात. कोलॅजन म्हणजे कातडीचा ताणा-बाणा. वय वाढते तसा तो विरतो आणि सुरकुत्या पडतात. केसांच्या बाबतीत २००७ साली कोरियात अशाच जातीच्या एका पदार्थाचा प्रयोग झाला. शरीराबाहेर काढून जगवलेली केसांची मुळे त्याने वाढली.

म्हणजे बाटलीमागची गोष्ट अगदीच बनावट नाही. तांब्यावाचून कातडीचे आणि केसांचे चालतच नाही. कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणणारे विकर तांब्याच्या आधाराने काम करते. केसांना काळा रंग देणाऱ्या विकरालाही तांबेच लागते. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना ठाऊक होते, की तांबे कमी असलेल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर तारेसारखी ताठ होते. मेलबर्नच्या डॉ. डँक्स यांनी एका दुर्मिळ आजाराच्या बाळांचे केस पाहिले, तेव्हा त्यांना ही लोकर आठवली. त्या बाळांच्या शरीरात तांबे नीट पोचत नाही, हे त्यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणसाचे डोके नव्हे. रोपवाटिकेतले रोप तरारले म्हणून माळरानावरचे पीक येतेच असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वरून लावलेले औषध कातडीच्या आत किती उतरते, हाच पहिला प्रश्न. माणसांवरचे प्रयोग झाले ते थोडे आणि लहान. त्यांत चेहऱ्याच्या कातडीला काहीसा फायदा दिसला. पण विरळ झालेले केस या पदार्थाने भरून येतात, असा भक्कम पुरावा आजही नाही. शिवाय सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेल्या वस्तूला, औषधाप्रमाणे आपला गुण सिद्ध करून दाखवावा लागत नाही. ही बाटली लावून सहसा मोठे नुकसान होत नाही. नुकसान होते ते पैशाचे, आणि खरे कारण शोधण्यात जो वेळ जातो त्याचे.

आता कुणी म्हणेल, बाटली नको तर नको, घरचे तांबे पोटात जास्त घेऊ. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. आपल्याच महाराष्ट्रात याचा फार कडू अनुभव आहे. पूर्वी तान्ह्या मुलांना यकृताचा एक आजार होई. पोट फुगे, यकृत दगडासारखे टणक होई, आणि पुष्कळ मुले दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९८३ साली या आजाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या आणि साठवलेल्या दुधाशी जोडला. कल्हई नसलेल्या भांड्यातले तांबे दुधात उतरे आणि बाळाच्या यकृतात साचे. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून आयांना हे समजावून सांगितले गेले, घरोघर स्टीलची भांडी आली, आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. आईची माया तीच होती, दूधही तेच होते. बदलले ते फक्त भांडे.

मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम तांबे पुरते. तीळ, शेंगदाणे, डाळी यांतून ते सहज मिळते. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारणारा शेतकरी मोरचूद तोलून घेतो. अंदाजाने टाकत नाही. शरीराचेही तसेच आहे. मोरचूद तर विषच आहे. तो डोक्याला लावण्याचा कुणी सल्ला दिला तर मुळीच ऐकू नका. बाजारात पेप्टाइडची इंजेक्शनेही निघाली आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मग केस गळत असतील तर काय करावे? आधी कारण पाहावे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, आणि बहुधा आपोआप परत येतात. रक्त कमी असेल, थायरॉइडचा विकार असेल, तर साध्या रक्ततपासणीत कळते. टक्कल वारशाने येत असेल तर मिनॉक्सिडिलसारखी पारखलेली औषधे आहेत. ती मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. कामोठ्यातल्या एम. जी. एम. प्रमाणेच प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कातडीच्या रोगांचा विभाग असतो. आणि सुरकुत्यांचे म्हणाल, तर उन्हात डोक्यावर पदर किंवा टोपी घ्यावी आणि विडी सोडावी. याला पैसा पडत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एक कळकट ताम्हन न्या आणि मुलांना ते चिंचेने घासायला सांगा. ताम्हन लख्ख होईल. मग विचारा, वरचा तो थर गेला कुठे? तो चिंचेच्या पाण्यात उतरला. तांब्याच्या भांड्यातले ताक का कळकते आणि आजी कल्हईवाल्याची वाट का पाहत असे, हे मुलांना तेवढ्यात कळेल. तीच मुले संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगतील, की तांबे गुणाचे खरे, पण मापात.