सुटलेल्या आवडी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. निमंत्रण आले तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो विषयाचा. संतवाङ्मयावर किंवा सयाजीरावमहाराजांच्या ग्रंथप्रेमावर बोलावे, अशी चिटणिसांची सूचना होती. दोन्ही विषय थोर आहेत आणि दोहोंवर माझ्याकडे तयार टिपणेही आहेत. परंतु गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून ती टिपणे उघडण्याची मला इच्छा झाली नाही.

नातू सव्वीस वर्षांचा आहे, बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आहे. लहानपणी तो जपानी चित्रमालिकांचा भक्त होता. २००५ साली ‘डोरेमॉन’ हिंदीतून आपल्याकडे दिसू लागली, तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. पुढे ‘नारुतो’ नावाच्या मालिकेचे दोन्ही भागसंच, म्हणजे २२० आणि ५०० असे ७२० भाग, त्याने सुट्ट्या-सुट्ट्यांत पाहून संपविले. दूरदर्शन संचाला जोडून खेळण्याचे एक यंत्रही त्याच्याकडे होते. या दिवाळीला तो ते यंत्र खोक्यात भरून घेऊन आला आणि म्हणाला, “आजोबा, शेजारच्या मुलाला देऊन टाका. मी लावतो आणि दहा मिनिटांत बंद करतो. काही वाटतच नाही. मी म्हातारा झालो का हो?”

शहात्तर वर्षांच्या माणसाला हा प्रश्न विचारणे थोडे धारिष्ट्याचेच. मी हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या स्वतःच्या सुटलेल्या आवडी एकेक करून समोर येऊ लागल्या.

त्यांत पहिला ‘चांदोबा’. मद्रासेहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. मी तो वाचू लागलो १९५७-५८ च्या सुमारास, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात. समोरच्या बिऱ्हाडात माझ्याच वयाचा एक गुजराती मुलगा राहत असे. त्यांच्याकडे ‘चांदामामा’ येई, आमच्याकडे ‘चांदोबा’. चित्रे तीच, गोष्टी त्याच, भाषा मात्र वेगळी. आम्ही दोघे ओट्यावर दोन अंक शेजारी-शेजारी उघडून बसत असू. माझ्या अंकातल्या राजाच्या खांद्यावर प्रेत असे, त्याच्या अंकातल्या राजाच्या खभ्यावर मडदुं. झाड मात्र दोन्हीकडे झाडच. या शोधाचा आम्हांला इतका आनंद होई की गोष्टीकडे दुर्लक्ष होई. महिनाअखेरीस अंकाची आम्ही वाट पाहत असू आणि तो वाट जोत असे. दोन्ही भाषांतली माणसे कुणासाठी थांबायचे झाले की रस्त्याकडेच बघतात, हे मला दहाव्या वर्षी कळले. पुढे विद्यापीठात भाषाविज्ञान शिकविताना माझ्या हाताशी याहून चांगले उदाहरण कधी आले नाही.

वेताळाच्या मूळ कथा पंचवीस. संस्कृतातली ‘वेतालपञ्चविंशति’ आपल्याला ठाऊक आहे. ‘चंदामामा’वाल्यांनी मात्र तो साचा ठेवून शेकडो नव्या कथा त्यात ओतल्या. राजाने मौन मोडायचे, वेताळाने पुन्हा झाडाला लोंबकळायचे, हे वर्षानुवर्षे दरमहा चालू राहिले. शंकर या चित्रकाराने काढलेले तलवार उपसलेल्या राजाचे चित्र तर तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसले आहे. २०२० साली ते शंकर गेले. अशा कथाचक्राला आतून शेवट नसतो. तो वाचणाऱ्यालाच करावा लागतो. नातवाचा नोबिता असाच आहे. प्राथमिक शाळेच्या त्याच इयत्तेत, तोच गृहपाठ न करता, तो अर्धशतकाहून अधिक काळ बसून आहे.

माझा शेवट कसा झाला ते मला आठवतही नाही. सातवीत असेन. एका महिन्यात अंक आला आणि तो मी संध्याकाळपर्यंत उघडला नाही, एवढेच. दुधाचा दात पडावा तसा तो गेला. जीभ दोन दिवस त्या जागी फिरली असेल. पुढे आईने सगळे गठ्ठे पस्तीत घातले (आम्ही बडोदेकर रद्दीला पस्ती म्हणतो, हे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी). मला वाईट वाटले नाही.

वाईट वाटण्याजोगे झाले ते दुसऱ्या आवडीच्या बाबतीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी आमच्या पिढीला सख्ख्या नातलगांहून जवळची होती. ती पुस्तके घरी आणण्याची सोय नव्हती. सयाजीरावमहाराजांनी अमेरिकेहून बोर्डेन नावाचा तज्ज्ञ आणवून १९१० पासून जी ग्रंथालयांची चळवळ उभी केली, तिच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आम्ही जात असू. तेथील कपाटांच्या मधली जाड काचेची जमीन पाहायला मला फार आवडे. पण काळा पहाड मिळायचा तो गल्लीतल्या, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानात. तो भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचताना मी नववीत सरांच्या हाती सापडलो.

वर्गातल्या प्रत्येकाला वाटले, आता छडी. सरांनी पुस्तक चाळले, खिशात घातले आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतले. पुस्तकाची शेवटची आठ-दहा पाने त्यांनी सुतळीने बांधून टाकली होती. म्हणाले, “इथवर वाच. पुढचं तू लिहून आण. मग सोडतो सुतळी.”

रविवारचा अख्खा दिवस मी तळघरात अडकलेल्या झुंजारला बाहेर काढण्यात घालविला. दार फोडले तर आवाज होत होता. खिडकी ठेवावी तर आधीच्या प्रकरणात ती नव्हती. शेवटी पहारेकऱ्यालाच झुंजारचा जुना ऋणको केला आणि त्यासाठी मागे जाऊन दोन वाक्ये पेरली. सोमवारी सरांनी वही वाचली, सुतळी सोडली आणि पुस्तक माझ्या हातात दिले. मूळ शेवट माझ्या शेवटाहून पुष्कळच सफाईदार होता. पण तो वाचताना पहिल्यानेच मला कथेच्या मागचा हात दिसला. अमुक पात्र अमुक पानावर का येऊन गेले, हे उमगले. त्यानंतर मी आणखी तीस-चाळीस अर्नाळकर वाचले असतील, परंतु पूर्वीसारखा श्वास रोखला गेला नाही. छातीत धडधडण्याऐवजी डोक्यात हिशेब चाले.

सरांनी माझी आवड मारली की पुढे नेली, याचा निर्णय मला आजही करता येत नाही. एवढे खरे की त्यांनी तिचा अपमान केला नाही.

तो मी केला. महाविद्यालयात गेल्यावर मी अर्नाळकर वाचतो हे लपवू लागलो, मग वाचलेच नाहीत असे सांगू लागलो, आणि अध्यापक झाल्यावर ते वाचणाऱ्यांना हसू लागलो. पंचाऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी आवडते लेखक विचारले. मागच्या बाकावरचा, गिरणीकामगाराचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाबूराव अर्नाळकर.” मी म्हणालो, “छान! म्हणजे परीक्षेत काळा पहाड येऊन तुमची उत्तरपत्रिका लिहिणार.” वर्ग खळखळून हसला. मुलगाही हसला. दुसऱ्या सत्रात त्याने मराठी सोडून दुसरा विषय घेतला. कारण मी विचारले नाही. मला ते ठाऊक होते. ज्या शाळेत मला सुतळी मिळाली, त्याच शाळेच्या शिदोरीवर मी प्राध्यापक झालो होतो, आणि पोराच्या हाती मात्र शेरा दिला. या व्यासपीठावरून ते सांगावयास हवे होते, म्हणून सांगितले.

असो. नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

काश्मीरचे अभिनवगुप्त सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत त्यांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. पदव्युत्तर वर्गाला ती मी तीस वर्षे पाठ म्हणून शिकविली. त्यांतील पहिले ‘संभावनाविरह’. समोर चालले आहे ते शक्यच वाटत नाही, त्यावर मन बसत नाही. तिसरे ‘निजसुखादिविवशीभाव’. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका घेरलेला असतो की नाटक उत्तम असूनही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या रात्री प्रथमच माझ्या लक्षात आले की आवड सुटणे हे बाहेरून एकच दिसले, तरी आत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. माझा चांदोबा गेला तो पहिल्या विघ्नाने. राजा पुन्हा झाडाकडे जाणार हे मला ठाऊक झाले होते. पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. त्या जागी झुंजार आला, झुंजारच्या जागी हरिभाऊ आपटे, पुढे ज्ञानेश्वर. एक जाताना दुसऱ्याच्या हाती किल्ली देऊन जात होता.

सकाळी चहाच्या वेळी मी नातवाला विचारले, “बरं, ते आवडेनासं झालं. मग हल्ली काय आवडतं?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तसं काहीच नाही.” थोड्या वेळाने आपण होऊनच बोलू लागला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम चालते, जेवताना समोर मालिका लावतो आणि हातातल्या दूरध्वनीवर कार्यालयाचे निरोप वाचतो, भाग संपला तरी काय झाले ते सांगता येत नाही. मित्र तीन शहरांत पांगले. पूर्वी नवा भाग आला की चौघे मिळून त्यावर भांडत. आता भांडायला कोणी नाही. शेवटी कसनुसे हसून म्हणाला, “आजोबा, नारुतो मोठा झाला, त्यांच्या गावचा होकागे, म्हणजे प्रमुख झाला, त्याला मुलगासुद्धा झाला. मीच राहिलो.”

हे तिसरे विघ्न होते. दोष त्या मालिकांचा नव्हता आणि वयाचाही नव्हता. आपल्याकडे अशा वेळी वडीलधारी मंडळी चटकन म्हणतात, ‘बरं झालं, पोरखेळ सुटला, आता शहाणा झाला.’ मीही बहुधा तेच म्हणालो असतो, कारण त्या चित्रांतले मोठाल्या डोळ्यांचे लोक मला कधीच रुचले नाहीत. पण ज्याचे जेवण, झोप आणि मित्र एकदम सुटत चालले आहेत, त्याचा पोरखेळ सुटला म्हणून पेढे वाटण्यात काय अर्थ? ते सुटणे ही त्याच्या तक्रारीतली सर्वांत लहान बाब होती. सांगायला सोपी, म्हणून तीच त्याने आधी सांगितली.

या तिसऱ्या विघ्नावर शास्त्रकारांनी उपाय सांगितला आहे तो गमतीचा आहे. प्रेक्षकाला उपदेश करा असे ते म्हणत नाहीत. गीत, वाद्य, सजविलेला मंडप यांची योजना करा म्हणतात. माझ्याजवळ मंडप नव्हता. गच्ची होती. मी त्याला म्हणालो, “जानेवारीत उत्तरायणाला ये. चार दिवसांची रजा काढ. ते यंत्र तोवर इथेच राहू दे.”

तो आला. १४ तारखेला सकाळपासून गच्चीवर बसून होता, पण पतंग त्याने हातात घेतला नाही. मी आग्रह केला नाही. माझाही पतंग सुटून चाळीस वर्षे झाली आहेत, बोटे आता मांजा सोसत नाहीत. दुपारी शेजारचा मुलगा एकटाच उडवीत होता, तर हा उठून त्याची फिरकी धरून उभा राहिला. चारी बाजूंनी ‘काइपो छे’चा गजर चालला होता. संध्याकाळी खाली आला तेव्हा उन्हाने नाक लाल झाले होते आणि तो साडेनऊलाच झोपला.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, त्याने कपाटावरचे खोके काढले आणि शेजारी नेऊन दिले. जोडून दाखवितो आणि येतो म्हणाला. त्याच्या आजीने दोनदा हाक मारली, उंधियू पुन्हा गरम केला. दीड तासाने तो परत आला आणि पाटावर बसता बसता म्हणाला, “आजोबा, तो फारच वाईट खेळतो हो!”